भाड्याच्या फ्लॅटमधला टब काढून शॉवर करताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अंधेरी पश्चिमेला १९९३ सालच्या सात मजली इमारतीत सातव्या मजल्यावर तुमचा टूबीएचके आहे आणि तो लिव्ह अँड लायसन्सवर दिलेला आहे. मोठ्या बेडरूमच्या बाथरूममध्ये बिल्डरने बसवलेला टब आहे. भाडेकरूंची ७२ वर्षांची आई आता त्यांच्याकडे राहायला आली आहे. टबाच्या काठावरून पाय उचलून आत जाणं त्यांना जमत नाही, म्हणून टब काढून सपाट जमिनीचा शॉवर करून द्याल का, अशी भाडेकरूंची विनंती आहे. एका कंत्राटदाराने तीन दिवसांत, साठ हजारांत काम करून देतो असं सांगितलंय. हा दर बरोबर आहे का, खर्च कुणी करायचा, सोसायटीला विचारावं लागतं का आणि टब गेल्याने भाडं उतरेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

मी सव्वीस वर्षं मुंबईत जुन्या इमारतींची बाथरूम-संडासाची कामं करतोय. टब काढण्याची कामं गेल्या काही वर्षांत खूपच वाढली आहेत, कारण ऐंशी-नव्वदच्या दशकात हौसेने बसवलेले टब आता त्या घरांतल्या माणसांबरोबर म्हातारे झालेत. बहुतेक घरांत टबात पाणी भरून कुणी आंघोळ करतच नाही. टबात उभं राहून बादलीने आंघोळ करतात, नाहीतर त्यात पाण्याचा ड्रम आणि कपड्यांची बादली ठेवतात. एक टब भरायला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. ठरावीक तासांतच पाणी येणाऱ्या या शहरात टब म्हणून तो कधी वापरला गेलाच नाही. त्यामुळे टब काढावा का, याला माझं उत्तर सरळ हो असं आहे.

पण तुमचा खरा प्रश्न टब की शॉवर हा नाही. टब हे एक भांडं होतं. तीस वर्षं अंगावरचं पाणी त्या भांड्यात पडलं आणि पाइपातून निघून गेलं. त्याच्या खालची जमीन रोज भिजेल असा विचार बांधणाऱ्याने केलेलाच नव्हता. भांडं उचललंत की तेच पाणी रोज थेट त्या जमिनीवर पडणार. आणि घर भाड्याचं आहे. लादीच्या सांध्यातला ग्राउट निघाला तर भाडेकरू तो भरून घेणार नाही, पाणी जिथून पाइपात जातं त्या ट्रॅपची जाळी महिनोन्‌महिने कुणी उचलणार नाही, कोपऱ्यात ओल दिसली तरी तुम्हाला फोन येईलच असं नाही. यात भाडेकरूचा दोष नसतो, त्याला त्या घरात दोन-तीन वर्षं काढायची असतात. म्हणून भाड्याच्या घरातलं बाथरूम असं बांधावं लागतं की कुणी लक्ष दिलं नाही तरी खालच्या घरात पाणी जाता कामा नये. पुढे मी जे काही सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीवरून आलेलं आहे.

आधी टबाच्या खाली काय असतं ते सांगतो. त्या काळच्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा आठ ते बारा इंच खाली टाकलेला असतो. त्याला आम्ही संक म्हणतो. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे आणि सिमेंट-वाळूचा माल भरतात, म्हणजे कोबा, आणि त्यावर लादी. टबाच्या जागेवर मात्र बहुतेक वेळा लादी नसतेच. विटांचा कट्टा बांधून त्यात टब बसवलेला असतो, काठाखालच्या भिंतीला धड गिलावाही केलेला नसतो. टबाचा सव्वा-दीड इंची पाइप खालच्या नाहणी ट्रॅपमध्ये सोडलेला असतो आणि तो ट्रॅप बांधल्या दिवसापासून कुणी पाहिलेला नसतो. मी आजवर जेवढे टब उचलले त्यातल्या बहुतेकांखाली ओली रेती, साबणाचा काळा गाळ आणि झुरळं निघाली. पाइपाचं तोंड ट्रॅपमध्ये नीट बसलेलं नसणं, हेही नेहमीचंच.

तुमच्या कंत्राटदाराचा विचार मला ओळखीचा आहे, कारण सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः तेच केलं होतं. मुलुंडला एका घरात टब काढला, तेवढाच पाच बाय अडीच फुटांचा तुकडा कोबा टाकून भरला, वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले आणि लादी बसवली. चार दिवसांत काम संपलं, मालक खूश. पाच महिन्यांनी खालच्या घरातून निरोप आला की बाथरूमच्या छताचे पोपडे निघताहेत आणि पाणी थेंब थेंब गळतंय. सगळं फोडावं लागलं आणि ते मी माझ्या खर्चाने केलं. खालच्या घरात एक आजारी गृहस्थ होते, त्यांना तीन आठवडे दुसऱ्याच्या बाथरूममध्ये जावं लागलं. ते मी विसरलेलो नाही. त्यानंतर अर्धवट तुकड्याचं काम मी घेतलेलं नाही.

असं का होतं, तर जलरोधक थर एका भांड्यासारखा असावा लागतो, तळ आणि चारी बाजू सलग. जुन्या कोब्याला नवा तुकडा जोडला की तिथे सांधा राहतो. जुना आणि नवा माल कधीच एकजीव होत नाही, सुकताना केसाएवढी फट पडते. शिवाय कोबा स्पंजासारखा असतो. पाणी एका कोपऱ्यातून आत शिरलं की सगळ्या खड्ड्यात पसरतं आणि स्लॅब जिथे सगळ्यात कच्चा असेल तिथून खाली येतं. म्हणून खाली डाग संडासाच्या बाजूला दिसतो आणि गळती शॉवरच्या कोपऱ्यात असते. लोक चुकीच्या जागी खर्च करत राहतात.

तेव्हा टब काढायचाच असेल तर संपूर्ण बाथरूमचा खड्डा स्लॅबपर्यंत रिकामा करा. हे काम जड आहे, अक्षरशः. तुमचं बाथरूम साधारण पाच बाय आठ फुटांचं आणि खड्डा दहा इंचांचा धरला तर तेहेतीस घनफूट भराव निघतो, म्हणजे पावणेदोन टनांच्या आसपास. पंचवीस किलोच्या सत्तरएक गोण्या झाल्या. टब आणि भिंतीच्या लाद्यांचं रॅबिट, म्हणजे तोडफोडीचा मलबा, वेगळं. बऱ्याच सोसायट्या रॅबिटसाठी लिफ्ट देत नाहीत, सातव्या मजल्यावरून ते डोक्यावरून उतरवावं लागतं. दर सांगताना कंत्राटदाराने हे धरलंय का आणि गाडी करून ते अधिकृत जागी टाकणार आहे का, हे विचारा. रात्री नाल्याकाठी ओतून येणारे असतात, त्यांना काम देऊ नका.

टब बिडाचा असेल तर तो शंभर-सव्वाशे किलोंच्या घरात असतो, तो जागेवरच फोडून तुकड्यांनी काढतात. फायबर किंवा अ‍ॅक्रिलिकचा असेल तर कटरने कापला की झालं. पण कोबा फोडताना एक अट लेखी घाला, की ब्रेकर मशीन लावायचं नाही, छिन्नी-हातोड्यानेच काढायचं. तीस वर्षांच्या स्लॅबवर ब्रेकर चालवला की वरचं काँक्रीट उडतं, सळया उघड्या पडतात आणि खालच्या घराच्या छताला हादरे बसतात. दोन दिवस जास्त गेले तरी चालतील.

खड्डा रिकामा झाला की काम थांबवून स्लॅब स्वतः पाहा. सळया गंजून फुगलेल्या दिसल्या किंवा हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर पुढचा निर्णय कंत्राटदाराचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे. तुमच्या इमारतीला तीस वर्षं उलटून गेली आहेत, म्हणजे कायद्याप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं असायला हवं. सोसायटीकडून तो अहवाल मागून घ्या. तुमच्या बाथरूमच्या खालच्या छताबद्दल त्यात एखादी ओळ असण्याची शक्यता बरीच असते.

यानंतर पाइप. नवा नाहणी ट्रॅप खोल, दोन इंच पाणी धरणारा घ्या, म्हणजे शाफ्टमधला (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या बोळातला) वास आणि झुरळं वर येत नाहीत. त्यातून बाहेर जाणारा पाइप तीन इंचांचा हवा. टबाचा जुना दीड इंची पाइप वाचवायचा मोह होतो, पण शॉवरचं पाणी केस आणि साबण घेऊन येतं, बारीक पाइप तुंबतो आणि पाणी सपाट जमिनीवरून बेडरूमकडे निघतं. भिंतीतले जुने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइपही याच वेळी बदला. आतून गंजाने भरून त्यांचं तोंड पेन्सिलीएवढं राहिलेलं असतं. गरम पाण्याला चालणारे सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप टाकून झाल्यावर हातपंपाने दाब देऊन तपासल्याशिवाय भिंत बंद करू देऊ नका.

वॉटरप्रूफिंगमध्ये लोक कंपनीचं नाव विचारतात. बाजारातल्या कुठल्याही चांगल्या पॉलिमर-सिमेंटच्या मालाने काम होतं. फरक पडतो तो हाताने. स्लॅब घासून धुऊन घेतलेला असावा. जमीन आणि भिंत जिथे मिळते तिथे कोपऱ्याला मालाची गोलाई द्यावी, कारण काटकोनात थर नेहमी चिरतो. पाइप स्लॅबमधून किंवा शाफ्टच्या भिंतीतून जातो तिथे न आकुंचणारा ग्राउट भरावा आणि कोपऱ्यांत जाळीची पट्टी बसवावी. मग एक हात उभा, तो सुकल्यावर दुसरा आडवा. भिंतीवर हा थर बाकी ठिकाणी फूटभर पुरतो, पण शॉवरच्या तिन्ही भिंतींना सहा-सात फुटांपर्यंत न्या. भिंत चार इंचांची असते आणि पलीकडे बेडरूमचं कपाट असतं. लोक जमिनीला जपतात आणि सहा महिन्यांनी कपाटातल्या साड्यांना बुरशी येते.

दाराचा उंबराही विसरला जातो. थर उंबऱ्याच्या दगडाखालून बाहेरच्या कडेपर्यंत गेला पाहिजे आणि तयार बाथरूमची जमीन खोलीपेक्षा अर्धा-एक इंच खालीच राहिली पाहिजे. टब होता तोवर दारापाशी पाणी येत नव्हतं, आता येणार.

खड्डा परत भरताना तेच विटांचं ओझं घालू नका. हलक्या सिमेंट ब्लॉकचे तुकडे भरले की वजन निम्म्याहून कमी होतं, आणि जुन्या स्लॅबला तेवढाच आराम. वर कोबा, ढाळ आणि पुन्हा जलरोधक थर.

आता पाणी भरून बघण्याची चाचणी, आम्ही तिला पाँडिंग म्हणतो. साठ हजारांच्या त्या कामात ही होणार नाही, कारण तीन दिवसांत ती बसतच नाही. मी ती दोनदा करतो, एकदा रिकाम्या खड्ड्यात पहिल्या थरानंतर आणि एकदा लादीच्या आधी. ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करायचं, पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारायची आणि ४८ तास हात लावायचा नाही. शेजारी एका बादलीतही पाणी भरून तशीच रेघ मारून ठेवा. बादलीतलं पाणी जेवढं उतरलं तेवढं हवेत गेलं. खड्ड्यातलं त्याहून जास्त उतरलं तर ते कुठेतरी झिरपतंय. रोज सकाळ-संध्याकाळ खालच्या घरी जाऊन छताचा फोटो काढायचा. या चाचणीच्या वेळी मालकाने स्वतः हजर राहावं असं मी प्रत्येकाला सांगतो. पुण्याला राहत असाल तरी या.

आणि हे काम जूनच्या आधी संपवा, नाहीतर दिवाळीनंतर सुरू करा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींतून ओल येते आणि खाली दिसलेला डाग तुमच्या शॉवरचा की पावसाचा, हे कुणालाच ठरवता येत नाही. थर सुकायलाही दुप्पट वेळ लागतो.

जमिनीखालचं एवढं झालं की वरचं सोपं आहे, पण तिथेही भाड्याचं घर आणि ७२ वर्षांच्या आजी, दोन्ही डोळ्यांसमोर ठेवा.

टबाने साधारण पाच बाय अडीच फूट जागा अडवलेली असते. त्याच जागेत शॉवर उत्तम बसतो. तिथे दगडाची उभी पट्टी लावायची पद्धत आहे, पण तुमच्या घरात नको. एक म्हणजे आजींना तिचीच ठेच लागेल. दुसरं म्हणजे आपल्याकडे बाथरूमची सगळी जमीन पाणी टाकून धुतात आणि पट्टी असली की बाहेरचं पाणी आत ट्रॅपकडे जाऊ शकत नाही. त्यापेक्षा सगळ्या बाथरूमचा ढाळ शॉवरकडे द्या, आणि शॉवरच्या जागेत तो थोडा जास्त ठेवा, फुटाला पाव इंच. लादी बसल्यावर तांब्याभर पाणी दारापाशी ओतून बघा. ते वाटेत कुठेही न थांबता ट्रॅपपर्यंत गेलं पाहिजे.

लादी खडबडीत मॅट फिनिशची घ्या आणि आकार एक फुटापेक्षा मोठा नको. चार फुटी लादीला चारी बाजूंनी ढाळ देता येत नाही. लहान लादीला सांधे जास्त येतात, ओल्या पायाला पकडही मिळते, आणि सांधे इपॉक्सी ग्राउटने भरले की वर्षानुवर्षं बघावे लागत नाहीत. लांब, लादीखाली लपलेली नाली आजकाल फार मागतात. दिसते सुंदर, पण तिची आतली जाळी उचलून केस काढायचे असतात हे भाडेकरूला माहीतच नसतं. साधी चौकोनी स्टीलची, हाताने उचलता येणारी जाळी लावा.

काच लावायचीच असेल तर दरवाजा नको. तीन फुटांचा एकच स्थिर पॅनेल, आठ किंवा दहा मिलिमीटरच्या टफन काचेचा, आणि आत जायला दोन फूट मोकळी जागा. बिजागऱ्या हीच काचेच्या दारातली आधी बिघडणारी वस्तू, आणि अंधेरी पश्चिमेच्या खाऱ्या हवेत त्या लवकर खराब होतात. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, म्हणून माप लादी बसल्यावरच घ्यायचं. ती बनून यायला पुढे आठवडाभर धरा. तुमच्या सोसायटीला टँकरचं किंवा बोअरचं पाणी घ्यावं लागत असेल तर काच आणखी कमी ठेवा. तलावांतून येणारं महापालिकेचं पाणी मऊ असतं, पण बोअरच्या पाण्याने काचेवर पांढरे डाग धरतात आणि ते सहज निघत नाहीत. आजींसाठी म्हणाल तर नुसता पडदाही चालेल. कुणाला हात द्यायला आत जायचं झालं तर पडद्याची अडचण होत नाही.

नळाच्या बाबतीत दुकानदार तुम्हाला भिंतीत लपवलेला डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे वळवायचा खटका) आणि छत्रीएवढा शॉवर दाखवेल. तुम्ही सर्वात वरच्या मजल्यावर आहात. गच्चीवरच्या टाकीपासून शॉवरपर्यंत उंची मिळते जेमतेम दहा-बारा फूट. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, म्हणजे तुमच्याकडे तो एक बारच्या एक तृतीयांशाच्या आसपास असणार. त्यात मोठ्या शॉवरमधून पाऊस पडत नाही, नुसती ओघळ येते. प्रेशर पंप लावता येतो, पण टाकीच्या सामायिक लाइनवर तो सोसायटीच्या परवानगीशिवाय लावू नका, खालच्यांचं पाणी ओढलं जातं. साधा चार इंची शॉवर, सोबत टेलिफोन शॉवर, आणि भिंतीच्या बाहेर दिसणारा वॉल मिक्सर घ्या. त्याचं काही बिघडलं तर प्लंबर पाना घेऊन येतो आणि अर्ध्या तासात काम संपतं. लपवलेल्या डायव्हर्टरचा वॉशर बदलताना लादी फुटली की त्याच रंगाची लादी पाच वर्षांनी मिळत नाही.

बादलीसाठी खाली वेगळा नळ ठेवाच, जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर. कितीही चांगला शॉवर दिलात तरी आपली माणसं, विशेषतः आजींच्या वयाची, स्टुलावर बसून बादली-तांब्यानेच आंघोळ करतात. पाण्याची कपात लागली की सगळेच बादलीवर येतात. जागा आखताना एक स्टूल, एक बादली आणि बसलेलं माणूस कागदावर काढून बघा.

आधाराचे दांडे लादी बसायच्या आधी ठरवा. जमिनीपासून तेहेतीस ते छत्तीस इंचांवर एक आडवा, आत शिरण्याच्या जागी एक उभा, एक कमोडशेजारी. चार इंची भिंतीत नुसत्या प्लास्टिकच्या गट्टूवर बसवलेला दांडा पडणाऱ्या माणसाच्या वजनाने उखडून येतो. त्या जागी भिंतीत सिमेंट काँक्रीटचा ठोकळा भरून घ्या आणि स्टीलचे लांब बोल्ट वापरा. टॉवेलच्या दांड्याला धरून पडलेली माणसं मी पाहिली आहेत. आजींच्या घरात टॉवेलचा दांडाही तेवढाच भक्कम लावा.

गीझरचं बटण बाथरूमच्या बाहेर, आणि त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) नसेल तर आत्ताच बसवा. टब असताना पाण्याचे शिंतोडे जिथे पोहोचत नव्हते तिथे आता पोहोचतील.

एवढं सगळं करायला किती दिवस? दोन चाचण्या, थर सुकणं, कोब्याला पाणी मारणं, काच, सोसायटीत दुपारी आवाज बंद, हे सगळं धरून पंधरा ते अठरा दिवस. तुमच्याकडे दुसरं बाथरूम आहे म्हणून भाडेकरूंना घर सोडावं लागणार नाही, पण धूळ आणि आवाज त्यांनाच सोसायचाय. त्या महिन्याच्या भाड्यात काही सूट द्यावी, असं मी मालकांना सांगतो. खर्च फिटिंग आणि लादीच्या निवडीवर हलतो. मधल्या दर्जाच्या सामानात संपूर्ण बाथरूम माझ्या अनुभवात दीड ते अडीच लाखांत बसतं. तुमच्या कंत्राटदाराचे साठ हजार हे फसवणुकीचे नाहीत. टब उचलून वर लादी लावण्याचे तेवढेच होतात. तो निम्मं काम सांगतोय, एवढंच.

हा खर्च तुमचाच. बाथरूम तुमच्या मालकीचं, सुधारणा तुमच्या मालमत्तेत होणार. भाडेकरू स्वतः खर्च करायला तयार असले तरी कंत्राटदार तुमचा असू द्या, कारण गळती झाली तर सोसायटी सदस्याला पत्र पाठवणार, भाडेकरूला नाही. बाथरूम-संडासातून होणाऱ्या आतल्या गळतीची दुरुस्ती उपविधींप्रमाणे सदस्याच्याच खर्चाने होते. ते पैसे घालणार असतील तर किती, ते भाड्यातून वळते होणार का आणि करार आधीच संपला तर काय, हे दोघांच्या सहीने लिहून ठेवा. लिव्ह अँड लायसन्सचा मूळ करार महाराष्ट्रात नोंदणीकृत असावाच लागतो, त्यात बाथरूममधल्या फेरफारांबद्दल काय म्हटलंय तेही वाचा. आयकरात दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च वेगळा दाखवता येत नाही. घरभाड्याच्या उत्पन्नावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, त्यातच हे आलं.

सोसायटीची लेखी परवानगी काम सुरू होण्याआधी लागते. अर्जात टब काढणार, संक रिकामा करणार, वॉटरप्रूफिंग नवं करणार, असं स्पष्ट लिहा. 'किरकोळ दुरुस्ती' लिहून काम सुरू केलं आणि तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी थांबवलं, तर उघडा पडलेला स्लॅब घेऊन बसावं लागतं. अनामत रक्कम, कामाच्या वेळा आणि कामगारांच्या पासांचे नियम प्रत्येक सोसायटीत वेगळे असतात.

भाडं उतरण्याची चिंता करू नका. भाड्याने घर बघायला येणारी माणसं टब आहे म्हणून जास्त पैसे देताना मी पाहिलेली नाहीत. कोरडी जमीन, चालणारा गीझर आणि छताला ओल नाही, हे मात्र प्रत्येक जण बघतो.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. करार चार-पाच महिन्यांत संपणार असेल आणि ही मंडळी पुढे राहणार नसतील, तर काम घर रिकामं झाल्यावर करा. तोवर आजींनी दुसरं बाथरूम वापरावं आणि तिथे दांडे व न सरकणारी चटई आजच लावून द्या. त्याला परवानगी लागत नाही आणि दोन तासांत होतं. काम लगेच करायचं ठरवलंत तरी हे दांडे आधी लावाच, अठरा दिवस आजींना तेच बाथरूम वापरायचंय.

दुसरं असं की तुमच्या बाथरूमला संक असेलच असं मी धरून चाललोय. काही इमारतींत तो नसतो, पाइप स्लॅबमधून खाली उतरतात आणि खालच्या बाथरूमच्या छताखाली टांगलेले असतात. तसं असेल तर कोबा काढून जागा मिळणार नाही, ट्रॅप बदलायला खालच्या घरातून काम करावं लागेल आणि सपाट जमिनीऐवजी दोन-तीन इंचांचा चढ घ्यावा लागेल. मग वर सांगितलेलं बरंचसं बदलतं.

म्हणून कंत्राटदाराला होकार-नकार कळवण्याआधी या रविवारी सहाव्या मजल्यावर जा. काय काम करणार आहात ते त्यांना तुमच्या तोंडून कळू द्या आणि त्यांच्या बाथरूमचं छत बघू द्याल का, असं विचारा. छत बाकी घरापेक्षा खाली आलेलं असेल तर संक आहे. पाइप दिसत असतील किंवा फॉल्स सीलिंग असेल तर ते उघडून बघावं लागेल. आत्ताच डाग किंवा पोपडे असतील तर तारखेसह फोटो काढा, एक प्रत त्यांनाही पाठवा. डाग असतील तर गळती आधीपासूनच सुरू आहे आणि टबाचा प्रश्न निघाला नसता तरी हे काम तुम्हाला करावंच लागलं असतं. ते फोटो आणि खड्ड्याची अंदाजे खोली मला कळवलीत तर कुठून सुरुवात करायची ते नेमकं सांगता येईल.